तेरा इस्त्र्या आणि एक पूर्वीची पद्धत

दालन क, मेज तिसरे.

अनुक्रमांक ४१. वस्तू : विजेच्या इस्त्र्या, जुन्या व दुर्मिळ, एकूण नग तेरा. मालक : शरणप्पा बिन मल्लप्पा मडिवाळ, धंदा परीट, वय अजमासे पंचेचाळीस, राहणार बाळीवेशीमागे, सोलापूर. वर्ण सावळा, बांधा रोड. ओळखीची खूण : डाव्या पायाची दोन बोटे चेपलेली. शिक्षण नाही. व्यसन नाही. वस्तूंची स्थिती उत्तम व चालू. मालक वस्तूंशेजारी उभा राहील. प्रेक्षकांनी त्यास प्रश्न विचारण्यास प्रत्यवाय नाही.

अनुक्रमांक ४२. वस्तू : इस्त्रीची पूर्वीची पद्धत. स्त्री एक, कोळशाची इस्त्री एक. ही पद्धत आता प्रचारात नाही.

सन १९३५च्या डिसेंबरात सोलापुरात जे उद्योगोन्नती प्रदर्शन भरलं, त्याच्या छापील पुस्तिकेतला हा मजकूर. लिहिला प्रदर्शनाचे चिटणीस आबासाहेब करकंबकर वकील यांनी, आणि त्यांच्या बाजूने सांगायचं तर त्यात खोटं फारसं नाही. शिक्षण नव्हतं हे खरं. व्यसन नव्हतं हेही, इस्त्र्या सोडल्या तर, खरं. ‘चालू’ हा शब्द मात्र वकिलांनी अदमासाने घातला होता. त्या तेरांपैकी एकही इस्त्री शरणप्पाकडे आल्यापासून कोणी तापलेली पाहिली नव्हती. त्याच्या घरात वीज नव्हती, गल्लीत नव्हती, आणि गल्लीच्या तोंडाशी जो खांब रोवला होता त्याला सध्या म्हशी बांधत असत.

अनुक्रमांक ४२ मधली स्त्री म्हणजे त्याची बायको काशम्मा. पुस्तिकेत तिचं नाव नाही. पद्धतीला नाव लागत नाही.

बोटांची हकीकत तेरा वर्षांमागची. शरणप्पाकडे तेव्हा एका गिरणीच्या विणकामखात्यातल्या साहेबाच्या बंगल्याचं धुणं होतं. गिरणीच्या बंगल्यांना गिरणीतल्याच यंत्राची वीज मिळे, शहराला दिवे माहीत नव्हते तेव्हापासून. साहेबाच्या मडमेकडे विजेची इस्त्री होती. ती एके दिवशी बंद पडली आणि मडमेने ती खिडकीतून बाहेर टाकली. शरणप्पावर टाकली नव्हती, हे स्पष्ट केलं पाहिजे. तिने बाहेर टाकली आणि बाहेर शरणप्पा होता. बटलरने येऊन आधी इस्त्री फुटली नाही ना ते पाहिलं, मग पायाकडे पाहिलं, आणि घेऊन जा म्हणाला. कपड्यांचं गठडं डोक्यावर आणि इस्त्री काखेत घेऊन शरणप्पा लंगडत घरी आला. पाय तीन महिन्यांनी बरा झाला. दोन बोटं कायमची चपटी राहिली.

त्या तीन महिन्यांत त्याला दुसरं काम नव्हतं. तो इस्त्री मांडीवर घेऊन बसे. हिला झाकण नाही, निखारे घालायला तोंड नाही, राख काढायला भोक नाही. दोन दिवस शोधून त्याची खात्री पटली की हिच्या पोटात खरोखरच काही जळत नाही. मग त्याने काशम्माला हाक मारली. (घरात दोघं कानडी बोलत, इथे त्यांचं बोलणं त्यांच्या बाजारातल्या मराठीत दिलं आहे.)

“राख न्हाय, ठिणगी न्हाय, धूर न्हाय,” तो म्हणाला. “नुसती तार. एक दिवस तुला हिच्यावर कामाला बसवतो बघ.”

काशम्मा त्या वेळी कोळशाची इस्त्री फिरवत होती. पाय मोडल्यापासून सगळं काम तिच्याकडे आलं होतं, आणि पाय बरा झाल्यावरही ते तिच्याकडेच राहिलं, कारण शरणप्पाला आता दुसरा उद्योग लागला होता. ती इस्त्री सात शेर वजनाची होती. तिच्या कडेने ठिणग्या उडत, म्हणून काशम्माच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक पांढरे ठिपके होते. लांबून पाहणाऱ्याला ते गोंदण वाटे. ती नवऱ्याला म्हणाली की आधी हा गठ्ठा संपू दे. पण इस्त्रीकडे तिने दोनदा पाहिलं. शरणप्पाने ते लक्षात ठेवलं, आणि पुढची तेरा वर्षं तो त्या दोन नजरांवर काढणार होता.

दुसरी इस्त्री मिळाली मंगळवार बाजारात, भंगारवाल्याकडे. तो म्हणाला, “ले जाव शरणप्पा, तेरे सिवा कौन पूछताय इसकू.” तिसरी त्याच गिरणीच्या दुसऱ्या बंगल्यातून. चौथी कॅम्पातल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा, सहा महिन्यांच्या धुलाईच्या बदल्यात. धुलाई अर्थात काशम्माने केली. रेल्वेच्या एका म्हाताऱ्या इंजिनियरच्या सामानाच्या लिलावातून आली ती सगळ्यांत जुनी : काळ्या लाकडाची मूठ, पोळपाटाएवढं जाड बूड, आणि वरची पितळी पाटी झिजून गुळगुळीत झालेली. ती तीस वर्षांपूर्वी विलायतेहून आली असं लिलाववाल्याने सांगितलं. शरणप्पा तिला थोरली म्हणे. मुंबईच्या एका पारशाने नंतर तिच्यासाठी माणूस पाठवला होता. शरणप्पाने त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं.

गल्लीला हा विषय पुरला. शरणप्पा, चुलीशिवाय तवे गोळा करतोस व्हय, असं त्याला जाता-येता विचारलं जाई. चिंच आणि राख लावून तो इस्त्र्या घाशी आणि भिंतीतल्या दोन फळ्यांवर मांडी.

दोन फळ्या का, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. परटाला वाचता येत नसलं तरी चालतं, पण खूण ओळखता आली पाहिजे. प्रत्येक घराची एक खूण असते. ती तो बिब्ब्याने कपड्याच्या कोपऱ्यात घालतो, आणि शंभर घरांचे कपडे एका दोरीवर वाळले तरी संध्याकाळी ज्याचे त्याच्या घरी जातात. शरणप्पाच्या डोक्यात अशा सव्वादोनशे खुणा होत्या. इस्त्र्यांच्या पाट्यांवर इंग्रजी आकडे होते. त्याने ते परटाच्या नजरेने पाहिले. काही इस्त्र्यांवर दोन उभ्या काड्या आणि एक वाटोळं होतं. काहींवर मान वाकवलेले दोन बगळे, सिद्धेश्वराच्या तळ्यावर असतात तसे, आणि एक वाटोळं. आता गंमत अशी की काड्यांच्या सगळ्या इस्त्र्या, भंगारातल्या धरून, मूळच्या गिरणीच्या बंगल्यांतल्या निघाल्या. आणि बगळ्यांच्या सगळ्या कॅम्पातल्या नि रेल्वेच्या लोकांच्या. मग शंकेला जागाच राहिली नाही. ही साहेब लोकांची घराची खूण होती. काड्यांचं एक घर, बगळ्यांचं एक घर. सात नग वरच्या फळीवर, पाच खालच्या. थोरलीची खूण पुसलेली, म्हणून ती कुठल्याच घरची नाही. ती वेगळी, कोनाड्यात.

ज्यांना इंग्रजी वाचता येत होतं अशा दोघातिघांना त्याने हे सांगितलं. ते हसले. पाटीवर खरं काय लिहिलंय ते मात्र त्यांनीही वाचून पाहिलं नाही.

काशम्माचा खोकला एकोणतीस सालच्या सुमाराला सुरू झाला. पहिली दोन वर्षं तो तिचा होता. पुढे तो घराचा झाला, म्हणजे तो थांबला की शेजारी काय झालं म्हणून डोकावत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं की औषधाचा उपयोग नाही, कोळशाच्या धुरापासून दूर ठेवा; सहा महिने स्वच्छ हवेत राहिली तर बाई जगेल. शरणप्पाने मान डोलावली. गल्लीत वीज येणारच होती. खांब आला होता.

दर वर्षी वीज येणार होती. दर खंडेनवमीला तो तेरा इस्त्र्या घोंगडीवर मांडी, त्यांना विभूतीचे तीन पट्टे ओढी, बेल आणि झेंडू वाही. कोळशाची इस्त्री त्या दिवशी बाहेर ओट्यावर असे, कारण तिची राख सांडते. चौतीस सालच्या खंडेनवमीला काशम्माने परडीतून एक फूल उचललं आणि उंबऱ्याकडे निघाली. शरणप्पाने तिचा हात धरला. फुलं मोजून आणली होती.

“जी रोज पोटाला घालती तिला एक फूल न्हाय,” काशम्मा म्हणाली, “आन् ह्या तेरा जणी बसून खात्यात. सुना हायत व्हय तुमच्या?”

“सुना न्हाईत,” शरणप्पा म्हणाला. “तुझ्या जागी येणाऱ्या हायत.”

त्यांना मूलबाळ नव्हतं. काशम्माला या उत्तराचं इतकं हसू आलं की ती हसता हसता खोकू लागली, आणि तिला भिंतीला टेकून बसावं लागलं. परडीतलं फूल नंतर खालच्या फळीवर गेलं.

पस्तीस सालच्या दिवाळीनंतर तिचा भाऊ शिवप्पा वळसंगहून गाडी घेऊन आला. तो सरळ बोलणारा शेतकरी होता. आमच्याकडं धूर न्हाय, ज्वारी हाय, अक्काला न्हेतो, एवढंच त्याचं म्हणणं. शरणप्पाने पहिल्यांदाच हरकत घेतली नाही. काशम्माने दोन लुगडी आणि एक कांबळं बांधून गठुळं गाडीत ठेवलं. बैलांची वैरण खाऊन होईपर्यंत जेवढा वेळ, तेवढाच काय तो तिच्या आयुष्यात वळसंगला जाण्याचा योग होता. त्या वेळात आबासाहेब करकंबकर वकील दारात आले.

आबासाहेब सुधारक होते. सहभोजनात ते पुढच्या पंक्तीला बसत आणि त्याचा वृत्तान्त स्वतः लिहून वर्तमानपत्राला देत. प्रदर्शनासाठी ते नवल शोधत फिरत होते, आणि वीज नसलेल्या घरात विजेच्या तेरा इस्त्र्या हे नवल त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी फळ्या पाहिल्या, थोरली हातात घेऊन पाहिली, आणि योजना तिथेच उभ्या उभ्या सांगितली. सात दिवस इस्त्र्या मांडायच्या. समारोपाच्या दिवशी सगळ्या एकदम विजेवर तापवून दाखवायच्या. समारोपाला वीज कंपनीचे मॅनेजर येणार होते. प्रयोग झाला की शरणप्पाचा अर्ज वकील स्वतः शिफारस करून त्यांच्या हातात देणार. संक्रांतीच्या आत घरात तार.

“पण नुसत्या इस्त्र्या मांडून लोकांना काय कळणार?” आबासाहेब म्हणाले. “आधी काय होतं तेही शेजारी दिसायला हवं. तुझी बायको कोळशावर काम करते ना? तिलाही उभी कर. शेवटच्या दिवशी ती कोळशाची खाली ठेवेल आणि विजेची उचलेल. डोळ्यांचं पारणं फिटेल.”

शिवप्पाने सांगितलं की अक्का निघाली आहे, गाडी जुंपायची आहे. आबासाहेबांनी त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि तिच्याशिवाय योजनेला अर्थ राहत नाही असं शरणप्पाला सांगितलं.

“पंधरा दिस,” शरणप्पा बायकोला म्हणाला. “तेरा वर्सं थांबलीस की.”

काशम्माने थोरल्या इस्त्रीकडे पाहिलं, मग भावाकडे. गठुळं घेऊन तू हो पुढं, मी मागनं येते, असं तिने भावाला सांगितलं. गाडी गेली. गठुळं वळसंगला पोचलं.

प्रदर्शनाचं दालन पत्र्याचं होतं; मेजांच्या मध्ये आडोसा म्हणून इथल्याच चादरी टांगल्या होत्या, म्हणजे एकाच खर्चात दोन उद्योगांची उन्नती. पत्र्याखाली कोळशाचा धूर कुठे जात नाही. काशम्मा सकाळी नऊ ते संध्याकाळी सात उभी राही आणि तोच एक धोतरजोडा पुनःपुन्हा भिजवून पुनःपुन्हा इस्त्री करी. शरणप्पा शेजारी उभा राही आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे प्रश्न विचारून घेई. यातल्या किती जणींना नवरे आहेत. रात्री कुठली उशाला घेतोस. एका गृहस्थाने त्याला पायताण काढायला लावून छापील खूण तपासून घेतली.

काशम्माला कोणी प्रश्न विचारत नसे. पुस्तिकेत तशी परवानगी नव्हती. चौथ्या दिवशी एका शाळेच्या मुली आल्या. त्यांचे मास्तर मेजाशी आले तेव्हा काशम्माला खोकल्याची उबळ आली होती. मास्तर ती संपेपर्यंत सभ्यपणे थांबले आणि मग मुलींना म्हणाले, “या पद्धतीचा हा मुख्य दोष.” मुलींनी तो वहीत लिहून घेतला. काशम्माने पदराने तोंड पुसलं आणि निखाऱ्यांवर पंखा घातला, कारण इस्त्री थंड होत आली होती.

सातव्या दिवशी सकाळी वायरमन आला. त्याने सगळ्या इस्त्र्यांना नव्या तारा जोडल्या, एक लहान दिवा लावून एकेक तपासली आणि आतून सगळ्या शाबूत आहेत असं सांगितलं. पाटी वाचणं त्याच्या कामात नव्हतं. भाषणं चालू असताना दिवे जाऊ नयेत म्हणून फ्यूजमध्ये त्याने आदल्याच दिवशी जाड तार घातली होती.

शरणप्पाने मेजावर घोंगडी पसरून मधे एक सुतळी ताणली होती. सुतळीच्या डावीकडे सात, उजवीकडे पाच, थोरली मागे. दुपारी आबासाहेब आले, त्यांनी दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले आणि ही मांडणी डोळ्यांना बरी दिसत नाही असं ठरवलं. मोठ्या मधे, लहान कडेला, समूहाच्या फोटोत असतात तशा मांडा, असं त्यांनी स्वयंसेवकांना सांगितलं, आणि सुतळी स्वतः काढली.

सात दिवस कोणालाही उलट न बोललेला शरणप्पा पुढे झाला. घरं मिसळू नका, तो म्हणाला. काड्यांच्या काड्यांत राहू द्या, बगळ्यांच्या बगळ्यांत. आबासाहेबांना काही समजेना, म्हणून त्याने खुणा दाखवल्या. मग आबासाहेबांना समजलं, आणि ते इतके खूश झाले की त्यांनी आजूबाजूच्या प्रतिष्ठितांना बोलावून घेतलं.

“ऐका. हा इस्त्र्यांतसुद्धा जात पाळतो.”

हशा ओसरेपर्यंत शरणप्पा थांबला. मग त्याने जे सांगितलं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत लांब भाषण होतं. “साहेब, एका विहिरीवर धुतलेलं कापड पांढरं ऱ्हातं, दुसऱ्या विहिरीवर तेच पिवळं पडतं. पाणी घराघराचं येगळं. गिरणीच्या बंगल्याला गिरणीची वीज. कॅम्पात दुसरी. मग वीजबी येगळी असंल की. हितली वीज कुणाच्या घरची हाय, तेवढं कुणाला तरी इचारा.”

“वीज सर्वांची असते,” आबासाहेब म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. त्या जोरात ते पुढे म्हणाले की आज आपण इस्त्र्यांचं सहभोजन घालू. तेरा जणी एका पंगतीला, एका तारेवर. थोरली तेरावी होती. हशा चालू असताना शरणप्पाने ती उचलून उपरण्याखाली घेतली, आणि पंगत बसेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही.

चार वाजता मॅनेजर, अध्यक्ष आणि गावातली बरीच मंडळी खुर्च्यांवर बसली. आबासाहेबांनी हातात घड्याळ घेतलं आणि बटण दाबलं. कोळशाची इस्त्री तापायला अर्धा तास लागतो, ही पाच मिनिटं घेईल, असं त्यांनी जाहीर केलं होतं. सात इस्त्र्यांनी मिनिटभरही घेतलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेबांनी काशम्माला खूण केली.

काशम्माने कोळशाची इस्त्री खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि समोरची विजेची उचलली. ती काड्यांच्या घरची होती. काशम्माने ती आधी नुसतीच वर धरली. मग नवऱ्याकडे वळून, जमलेली मंडळी तिथे नाहीतच अशा आवाजात ती म्हणाली, “अवो, लई हलकी हाय की ही.”

विजेची इस्त्री तिने आयुष्यात तेवढी एकदा धरली. अजमासे पंधरा सेकंद. मग तिने ती प्रयोगासाठी समोर अंथरलेल्या अध्यक्षांच्या पंच्यावर टेकवली, आणि पंच्यात इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. भोकातून घोंगडी दिसली, मग घोंगडीत भोक पडलं. सातही इस्त्र्यांची बुडं लाल झाली होती. तारांवरचं सूत पेटलं, मुठींतून धूर आला, आणि एकामागून एक टक् टक् असे आवाज झाले, कोणीतरी बोटं मोडावीत तसे. जाड तारेचा फ्यूज जागचा हलला नाही. वायरमन मुख्य बटणाकडे धावला, पण त्याच्या आधी एका स्वयंसेवकाने प्रसंगावधान दाखवून आगीसाठी भरून ठेवलेल्या दोन बादल्या मेजावर रिकाम्या केल्या. बगळ्यांच्या पाच इस्त्र्या तोपर्यंत शांतपणे, जशा तापाव्यात तशा तापत होत्या. त्या पाण्याने तडकल्या.

धूर निवळल्यावर मॅनेजर मेजाशी उकिडवे बसले आणि त्यांनी पाट्या वाचल्या. सोलापुरात त्या वाचणारे ते पहिलेच. या सात एकशेदहा व्होल्टच्या आहेत, ते म्हणाले, गिरणीच्या जुन्या यंत्राच्या. इथला पुरवठा दोनशेतीसचा. या पाच दोनशेवीसच्या, तेवढ्याच इथे लावायच्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंत चालल्या असत्या.

“काड्यांच्या येगळ्या, बगळ्यांच्या येगळ्या,” शरणप्पा म्हणाला. “तेच म्हनत होतो की मी.”

मॅनेजरांना काड्या आणि बगळे कोण ते कळलं नाही. ते भले गृहस्थ होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि चहाला गेले.

समारोप सहाला होता. बादल्यांचं पाणी समारोपासाठी आडोशामागे रचून ठेवलेल्या स्वयंसेवकांच्या शहाऐंशी टोप्यांवर आणि अध्यक्षांच्या फेट्यावर गेलं होतं. सुदैवाने पूर्वीची पद्धत शेजारीच उभी होती. काशम्माने पुन्हा निखारे भरले. धुराने आधीच भरलेल्या दालनात, दारं पाहुण्यांना दिसू नये म्हणून लोटून घेतलेली असताना, तिने दीड तासात शहाऐंशी टोप्या आणि फेटा इस्त्री केला. टोप्या कडक निघाल्याचं सगळ्यांनी कबूल केलं. शरणप्पा उपरण्याखालची थोरली धरून तिच्या बाजूला उभा होता. मी ओढू का, असं त्याने एकदा विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. बोलायला श्वास लागला असता.

अर्ज आठवड्याने परत आला. अर्जदाराची उपकरणे धोक्याची असल्याचे जाहीर प्रयोगात सिद्ध झाल्यामुळे शिफारस करता येत नाही, असं त्यावर आबासाहेबांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. शरणप्पाने तो दुसऱ्याकडून वाचून घेतला. काशम्मा त्या वेळी अंथरुणावर होती. शिवप्पाची गाडी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेनंतर येणार असं ठरलं होतं. यात्रेच्या आदल्या आठवड्यात, सात जानेवारीला सकाळी, ती गेली. शिवप्पा आला तो गठुळं घेऊन. त्यातलं एक लुगडं नेसवून तिला, त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे, मातीत बसवलं. दुसरं लुगडं आणि कांबळं तो परत घेऊन गेला.

प्रदर्शनाचा अहवाल मार्चमध्ये छापून आला. त्यात अनुक्रमांक ४१ च्या प्रयोगास प्रेक्षकांनी उत्स्फूर्त दाद दिली अशी नोंद आहे, आणि ते खरं आहे. अनुक्रमांक ४२ चा मजकूर पुस्तिकेतून तसाच उचलला आहे : ही पद्धत आता प्रचारात नाही.

गल्लीत वीज अडतीस सालच्या जूनमध्ये आली. लोक म्हशी दुसरीकडे बांधू लागले. शरणप्पाने अर्ज केला नाही. थोरली अजून कोनाड्यात आहे. ती कोणत्या घरची, हे कोणी तारेला लावून पाहिलेलं नाही. कोळशाची इस्त्री आता तो स्वतः ओढतो.